एफ्राईम आणि यहूदा : सुरुवातीच्या मॉर्मनांना ज्यू कोण वाटत होते?

प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही नोकरीसाठी सॉल्ट लेक सिटीत राहता. शेजारचे मॉर्मन आजोबा बोलता बोलता म्हणाले, "आम्ही एफ्राईमच्या वंशातले." ऑफिसातला ज्यू सहकारी हसत म्हणाला, "युटात आम्हालासुद्धा जेंटाइल म्हणतात." (जेंटाइल म्हणजे एरवी बिगर-ज्यू.) एका लेखात तुम्ही वाचलंत की मॉर्मन पंथ पहिल्यापासून ज्यूंचा मित्र. दुसऱ्या लेखात पंथाचा दुसरा नेता ब्रिगम यंग याचं ज्यूंबद्दलचं एक जळजळीत वाक्य सापडलं. मग सुरुवातीचे मॉर्मन ज्यूप्रेमी होते की ज्यूद्वेष्टे?

अमेरिकेतल्या धर्मपंथांचा इतिहास शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली. हा प्रश्न अधूनमधून येतोच आणि विचारणाऱ्याला बहुतेक वेळा एका शब्दाचं उत्तर हवं असतं. तसं उत्तर देता येत नाही. तरी एका शब्दावर अडलंच, तर मी मराठीतला 'भावकी' हा शब्द पुढे करतो. मूळपुरुष एक, वतन एक, त्यात प्रत्येकाचा हिस्सा ठरलेला. समोरच्याचा हक्क नाकारायचा नाही, पण त्याच्या पूर्वजांनी काय करून ठेवलं हेही विसरायचं नाही. पहिल्या पिढीतल्या मॉर्मनांची ज्यूंकडे बघण्याची नजर साधारण अशी होती. एक विचित्र गोष्ट मात्र लक्षात ठेवा : या भावकीतल्या बहुतेकांनी आयुष्यात एकही ज्यू माणूस पाहिलेला नव्हता.

१८३० मध्ये अमेरिकेची लोकसंख्या सव्वा कोटीच्या वर होती आणि ज्यू जेमतेम काही हजार, तेही बहुतेक न्यू यॉर्क, फिलाडेल्फिया, चार्ल्सटनसारख्या बंदरांच्या शहरांत. मॉर्मन पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ वाढला तो न्यू यॉर्क राज्याच्या पश्चिमेकडच्या शेतकरी पट्ट्यात. तिथे ज्यू भेटायचा तो बायबलच्या पानात. पण विषय मात्र सगळीकडे होता. इस्राएलचे हरवलेले दहा वंश कुठे गेले, अमेरिकेतले मूळ रहिवासी त्यांचेच वंशज नसतील ना, अशी चर्चा चर्चमध्ये आणि वर्तमानपत्रांत चालायची. व्हर्मांटचा पाद्री ईथन स्मिथ याने १८२३ मध्ये यावर अख्खं पुस्तक छापलं. १८२५ मध्ये मॉर्डेकाई नोआ या ज्यू पत्रकाराने बफेलोजवळच्या ग्रँड आयलंडवर ज्यूंसाठी 'अरारात' नावाची वसाहत जाहीर केली. वसाहत काही झाली नाही. बेटावर जायला पुरेशा होड्या नाहीत म्हणून कोनशिलेचा समारंभ बफेलोतल्या एका चर्चमध्ये उरकावा लागला. पण रेड इंडियन हे हरवलेल्या वंशांपैकी आहेत, असं नोआही मानत होता.

ही हवा फक्त अमेरिकेत होती असंही नाही. त्याच काळात मुंबईत जॉन विल्सन हा स्कॉटिश मिशनरी कोकणातल्या आपल्या शनवार तेल्यांचा, म्हणजे बेने इस्राएलांचा अभ्यास करत होता. हे लोक स्वतःला यहूदी न म्हणवता 'बेने इस्राएल' म्हणवतात, त्या अर्थी ते हरवलेल्या दहा वंशांतले असावेत, असा त्याचा तर्क होता. (मॉर्मन प्रचारकही पुढे आपल्याकडे आले. ह्यू फिंडले १८५२ मध्ये मुंबईत उतरला आणि पुण्याच्या छावणीतही त्याने काम केलं. पण ती वेगळी गोष्ट आहे.)

१८३० च्या मार्चमध्ये पालमायरा गावात 'बुक ऑफ मॉर्मन' छापून झालं ते या वातावरणात. त्याची कथा अशी आहे : इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमारास, बाबिलोनने जेरुसलेम उद्ध्वस्त करण्याच्या थोडं आधी, लेही नावाचा संदेष्टा कुटुंबकबिला घेऊन निघतो आणि समुद्रमार्गे अमेरिकेत पोचतो. लेही हा योसेफाचा मुलगा मनश्शे याच्या वंशातला. म्हणजे तो जेरुसलेमचा रहिवासी खरा, पण यहूदाच्या वंशातला नव्हे. त्याच्या वंशजांतले 'लामानी' हेच अमेरिकेतले मूळ रहिवासी, असं मॉर्मन मानू लागले. ग्रंथाच्या मुखपृष्ठावरच हेतू छापलेला आहे : लामान्यांना आपण इस्राएलच्या घराण्यातले आहोत हे कळावं, आणि येशू हाच ख्रिस्त हे ज्यू आणि जेंटाइल दोघांनाही पटावं.

या ग्रंथात ज्यूंबद्दल दोन्ही सूर सापडतात. एकीकडे वाक्य आहे की स्वतःच्या देवाला क्रुसावर चढवील असं दुसरं राष्ट्र पृथ्वीवर नाही. ज्यूंना 'ताठ मानेचे लोक' म्हटलेलं आहे. हा युरोपातून चालत आलेला जुनाच आरोप. दुसरीकडे तोच ग्रंथ ख्रिस्ती वाचकाला फैलावर घेतो : बायबल बायबल म्हणून मिरवता, पण ज्या ज्यूंकडून ते तुम्हाला मिळालं त्यांची आठवण ठेवलीत का? उलट त्यांना शाप दिलात, त्यांचा द्वेष केलात. आणखी एका ठिकाणी बजावलंय की ज्यूंची हेटाळणी करू नका, त्यांची टिंगल करू नका, कारण देव त्यांच्याशी केलेला करार विसरलेला नाही. १८३० मध्ये एका नव्या ख्रिस्ती पंथाने आपल्या धर्मग्रंथात ज्यूंच्या टिंगलीला मनाई करणं ही लहान गोष्ट नव्हती. पण म्हणून आधीचा आरोप पुसला गेला, असंही समजू नका.

लामान्यांच्या या कल्पनेचा परिणाम प्रत्यक्षात कसा दिसला त्याचं एक उदाहरण मला फार बोलकं वाटतं. जुलै १८३१ मध्ये जोसेफ स्मिथने मिझुरी राज्यातल्या इंडिपेंडन्स या गावी दैवी संदेश सांगितला : हीच सियोनची (देवाच्या पवित्र नगराची) जागा, इथे जमीन विकत घ्या, 'ज्यू आणि जेंटाइल यांच्यामधून जाणाऱ्या रेषेपर्यंत'. ही रेषा कुठली? मिझुरी राज्याची पश्चिम सीमा. तिच्या पलीकडे सरकारने हुसकावून लावलेल्या मूळ अमेरिकी जमातींचा प्रदेश होता. तिथे एकही ज्यू नव्हता. 'ज्यू' म्हणजे इथे शॉनी आणि डेलावेअर जमातीचे लोक! त्याच वर्षाच्या सुरुवातीला जोसेफचा जवळचा सहकारी ऑलिव्हर काउडरी आणि त्याचे साथीदार बर्फातून पायपीट करत त्यांच्याकडे जाऊन आले होते आणि सरकारी एजंटाने परवाना नाही म्हणून त्यांना हुसकून लावलं होतं. म्हणून त्या काळच्या मॉर्मन लिखाणात 'ज्यू' किंवा 'इस्राएल' दिसलं की आधी विचारायचं, हे नक्की कोणाबद्दल चाललंय? निम्मे घोटाळे तिथेच मिटतात.

आता तुमच्या शेजाऱ्यांच्या एफ्राईमकडे येऊ. खरी मेख इथे आहे.

शतकानुशतकं बहुतेक ख्रिस्ती चर्चांची शिकवण अशी होती की ज्यूंनी येशूला नाकारलं, म्हणून करार त्यांच्याकडून काढून घेतला गेला आणि चर्च हेच आता नवं इस्राएल. मॉर्मनांनी इथे वेगळी वाट धरली. बायबलमध्ये शलमोनानंतर राज्याचे दोन तुकडे होतात : उत्तरेचं इस्राएल, त्यात एफ्राईम प्रमुख, आणि दक्षिणेचं यहूदा. ज्यू हे यहूदाचे. उत्तरेचे वंश अश्शुरी आक्रमणानंतर पांगले. मॉर्मन म्हणू लागले, आम्ही त्या पांगलेल्यांपैकी, मुख्यतः एफ्राईमचे. एफ्राईमने अमेरिकेत सियोन उभारायचं, यहूदाने जेरुसलेमला परतायचं. नोव्हेंबर १८३१ च्या संदेशात हे स्पष्ट आहे : जेंटाइलांमधले आहेत त्यांनी सियोनकडे पळावं, यहूदाचे आहेत त्यांनी जेरुसलेमकडे. राजधान्या दोन, करार एकच. १८४२ मध्ये शिकागोच्या एका संपादकासाठी जोसेफ स्मिथने पंथाची तत्त्वं तेरा कलमांत मांडली, त्यातलं दहावं कलम इस्राएलच्या 'अक्षरशः' एकत्रीकरणाचं आहे. हा 'अक्षरशः' महत्त्वाचा. हे रूपक नव्हतं.

रक्ताबद्दलही ते असंच अक्षरशः बोलत. १८३९ मध्ये जोसेफ स्मिथने शिकवलं की पवित्र आत्मा जेंटाइल माणसावर उतरला की त्याचं जुनं रक्त धुऊन निघतं आणि तो प्रत्यक्ष अब्राहामाचा वंशज होतो. पंथातल्या सभासदाला 'पेट्रिआर्क' डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतो आणि त्यात तो इस्राएलच्या कुठल्या वंशातला ते सांगतो. ही प्रथा १८३० च्या दशकात जोसेफच्या वडिलांपासून सुरू झाली आणि आजही चालू आहे. तुमचे शेजारी एफ्राईम म्हणाले ते या आशीर्वादाच्या आधारे. पूर्वजांत कुणी ज्यू होतं, असं त्यांना म्हणायचं नाही.

या मांडणीचा एक परिणाम फार महत्त्वाचा ठरला. ज्यूंची जागा आपण घेतलेली नाही, त्यांची जागा त्यांचीच आहे, असं एकदा मानलं की त्यांना ताबडतोब ख्रिस्ती करण्याची घाई उरत नाही. ज्यू आधी जेरुसलेमला जमतील, मग ख्रिस्त जैतुनाच्या डोंगरावर उतरेल, त्याच्या हातापायांवरच्या जखमा बघून ते विचारतील, या कसल्या? आणि तेव्हा त्यांना ओळख पटेल. १८३१ च्या एका संदेशात हा प्रसंग आहे. म्हणजे ज्यूंनी ज्यूच राहावं अशी मॉर्मनांची इच्छा होती असं नाही. शेवटी ते येशूला मानणारच, हा विश्वास होता. फक्त ते काम ख्रिस्ताने स्वतः करायचं होतं, दारोदार फिरणाऱ्या प्रचारकाने नव्हे. मॉर्मनांना सरसकट ज्यूंचे मित्र म्हणणारे लेखक 'शेवटी ते येशूला मानणारच' ही बाजू गाळतात, आणि ज्यूद्वेष्टे म्हणणारे 'त्यांची जागा त्यांचीच' ही बाजू.

प्रत्यक्ष ज्यू माणसाशी गाठ पडली ती कर्टलंडमध्ये, ओहायो राज्यात, १८३५–३६ च्या हिवाळ्यात. मंदिराचं बांधकाम शेवटच्या टप्प्यात होतं आणि जोसेफ स्मिथला हिब्रू शिकण्याचा ध्यास लागला होता. काउडरीने न्यू यॉर्कहून हिब्रूची पुस्तकं आणली. शिक्षक म्हणून आधी डॉ. डॅनियल पेशोटो यांना विचारलं. ते जवळच्या विलोबी मेडिकल कॉलेजात शिकवणारे न्यू यॉर्कचे ज्यू डॉक्टर. त्यांचं येणं लांबत गेलं, तेव्हा जानेवारीत तो बेत रद्द केला. मग हडसनच्या कॉलेजातून जोशुआ सेशस यांना आणलं. करार चोख : सात आठवडे, चाळीस विद्यार्थी, ३२० डॉलर. सेशस हे न्यू यॉर्कच्या नामांकित ज्यू घराण्यातले, मात्र तोवर ख्रिस्ती झालेले. त्यांनी स्वतः लिहिलेलं हिब्रूचं व्याकरण वर्गात वापरलं जाई.

वर्ग भरत ते अर्धवट बांधलेल्या मंदिराच्या माळ्यावरच्या खोल्यांत. विद्यार्थी कोण? शेतकरी, सुतार, दुकानदार, म्हणजे पंथाचे वडीलधारे. अनेकांचं शाळेतलं शिक्षणही बेताचं, आणि ते बाराखडी गिरवावी तसे आलेफ–बेथ गिरवत होते. जोसेफच्या रोजनिशीत त्या आठवड्यांत पानोपानी हिब्रू आहे. फेब्रुवारीत तो लिहितो की देवाचं वचन मूळ भाषेत वाचताना माझ्या आत्म्याला आनंद होतो. सेशस यांचं तो तोंड भरून कौतुक करतो. त्यांना पंथाचं सत्य पटावं अशी त्याची आशाही लपत नाही. सेशस मॉर्मन झाले नाहीत. शिकवलं, पैसे घेतले आणि गेले.

मला या प्रसंगाचं वजन बाकीच्या घोषणांपेक्षा जास्त वाटतं. नुसती भविष्यवाणी हवी असणारा माणूस सात आठवडे व्याकरण घोकत बसत नाही. नंतर इलिनॉयमध्ये वसवलेल्या नॉवू शहराचं नावही यशयाच्या पुस्तकातल्या हिब्रू शब्दावरून ठेवलेलं आहे, आणि एप्रिल १८४४ मधल्या गाजलेल्या प्रवचनात जोसेफने उत्पत्तीच्या पहिल्या हिब्रू वाक्याचा स्वतःचाच अर्थ लावला. तो अर्थ कुठल्याही रब्बीला चालला नसता, हे वेगळं सांगायला नको. ज्यूंची भाषा त्याने मनापासून घेतली. ज्यूंनी हजारो वर्षं त्या ग्रंथाचं काय केलं, तल्मूद काय म्हणतो, सिनेगॉगमध्ये काय चालतं, याची मात्र त्याला फारशी ओढ दिसत नाही. त्याच्या दृष्टीने ज्यू धर्म म्हणजे मोशे आणि संदेष्टे. मधली अठराशे वर्षं त्या चित्रात नाहीतच.

सेशस यांचे वर्ग चालू असतानाच, २७ मार्च १८३६ रोजी, मंदिराचं समर्पण झालं. त्या प्रार्थनेत मागणं आहे की जेरुसलेमची सुटका या घटकेपासून सुरू होवो आणि यहूदाची मुलं अब्राहामाला दिलेल्या भूमीकडे परतू लागोत. आठवड्याभराने, ३ एप्रिलला, मोशे आणि एलीया यांनी त्याच मंदिरात दर्शन दिलं आणि मोशेने इस्राएलला एकत्र आणण्याच्या 'किल्ल्या', म्हणजे अधिकार, सोपवल्या, असं जोसेफ आणि काउडरी यांनी सांगितलं.

या किल्ल्यांचं पुढे काय झालं, हे पंथाचा एक प्रेषित ऑर्सन हाइड याच्या प्रवासात दिसतं. मार्च १८४० मध्ये हाइडला दर्शन झालं. लंडन, ॲम्स्टरडॅम, कॉन्स्टँटिनोपल आणि जेरुसलेम ही शहरं एकामागून एक त्याच्या डोळ्यांपुढे आली. एप्रिलच्या परिषदेत त्याला आणि जॉन पेजला या मोहिमेवर नेमलं. पेज अमेरिकेतच रेंगाळला. हाइड एकटा पुढे गेला. लंडनमध्ये त्याने प्रमुख रब्बी सॉलोमन हर्शेल यांची भेट मागितली, पण पाय मोडल्यामुळे त्यांना भेटता आलं नाही. मग त्याने त्यांना लांबलचक पत्र लिहिलं : पश्चात्ताप करा, परतीची वेळ जवळ आली आहे. पुढे हॉलंड, जर्मनी (तिथे थांबून जर्मन शिकला), कॉन्स्टँटिनोपल, बेरूत, याफा आणि शेवटी जेरुसलेम.

२४ ऑक्टोबर १८४१, रविवार. उजाडायच्या बरंच आधी तो उठला. शहराचे दरवाजे उघडताच बाहेर पडला, किद्रोन ओहोळ ओलांडून जैतुनाच्या डोंगरावर चढला. कागद, दौत, लेखणी घेऊन एकटाच बसला आणि प्रार्थना लिहून काढली. मग दगडांची एक रास रचली, आणि दुसरी पूर्वी जिथे मंदिर होतं असं त्याला वाटलं तिथे. प्रार्थनेचा आशय धार्मिक तितकाच राजकीयही आहे : विखुरलेले ज्यू ढगांसारखे, खुराड्याकडे परतणाऱ्या कबुतरांसारखे या भूमीवर येवोत, जेरुसलेम पुन्हा उभं राहो, ज्यूंचं स्वतंत्र राष्ट्र आणि सरकार होवो, दाविदाच्या वंशातला राजा त्यांना मिळो. हे काम राजकीय सत्तेच्या बळावर होईल आणि त्यात इंग्लंड पुढाकार घेईल, असाही अंदाज त्याने लिहून ठेवला. बाझेलची पहिली झिओनिस्ट परिषद १८९७ ची आणि ज्यूंच्या राष्ट्रीय घराला पाठिंबा देणारा इंग्लंडचा बॅल्फोर जाहीरनामा १९१७ चा, तेव्हा १८४१ मधला हा मजकूर वाचून माणूस चकित होतो.

पण इथे दोन पथ्यं पाळा. एक, हाइडला 'पहिला झिओनिस्ट' म्हणू नका. ज्यूंना पॅलेस्टाइनमध्ये परत नेण्याची कल्पना तेव्हा इंग्लंडच्या इव्हँजेलिकल वर्तुळात चांगली रुजली होती. त्याच १८४१ सालच्या नोव्हेंबरमध्ये ज्यू कुटुंबात जन्मलेल्या मायकेल सॉलोमन अलेक्झांडर यांना जेरुसलेमचे पहिले प्रोटेस्टंट बिशप नेमलं गेलं. फरक इतकाच, पण मोठा, की लंडनच्या संस्था ज्यूंचा बाप्तिस्मा घडवण्यासाठी पैसा ओतत होत्या, तर हाइडने जेरुसलेममध्ये ना शाखा काढली, ना कुणाचा बाप्तिस्मा केला. प्रार्थना केली आणि परतीची वाट धरली. दुसरं, हाइड स्वतः जन्माने ज्यू होता ही गोष्ट अजून फिरते. ती खरी नाही. तो कनेटिकटमधला, लहानपणीच आई गेलेला यँकी मुलगा. एका जुन्या आशीर्वादात जेरुसलेमचा उल्लेख 'तुझ्या पूर्वजांची भूमी' असा आला होता, त्यावरून हा समज पसरला असावा. वर सांगितलेलं रक्ताचं तत्त्वज्ञान लक्षात घेतलं की तो उल्लेख बुचकळ्यात टाकत नाही.

नॉवूच्या काळातली एक गंमत सांगून पुढे जातो. मार्च १८४१ मध्ये नगर परिषदेने धर्मस्वातंत्र्याचा ठराव केला. त्यात कॅथलिक, प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, क्वेकर अशी यादी आहे, मोहमेडन लोकांचंही नाव आहे. ज्यूंचं नाव नाही! 'इतर सर्व पंथ' यात ते आले, संरक्षण त्यांनाही होतं. पण ज्यांच्यासाठी आठ महिन्यांनी जैतुनाच्या डोंगरावर प्रार्थना झाली, ते आपल्याच शहरात राहायला येतील हे यादी करणाऱ्यांच्या मनात आलेलं दिसत नाही.

खरं तर त्याच वर्षी एक आला. अलेक्झांडर नाइबाउर, ऱ्हाइनकाठच्या एहरनब्राइटश्टाइनचा, बर्लिनमध्ये शिकलेला दंतवैद्य. तो इंग्लंडातल्या प्रेस्टनमध्ये १८३८ साली मॉर्मन झाला होता. ज्यू जन्माचा पहिला मॉर्मन म्हणून त्याचंच नाव घेतात. त्याने जोसेफला जर्मन आणि हिब्रू शिकवलं. १८४३ मध्ये पंथाच्या वृत्तपत्रात त्याने ज्यूंवर लेख लिहिला आणि त्यात पुनरुत्थानाबद्दलचे रब्बींचे आणि कब्बाला या ज्यू गूढपरंपरेतले उतारे दिले. वर मी जी मधली अठराशे वर्षं म्हटली, त्यांची थोडी झुळूक मॉर्मनांपर्यंत आली ती या एका दंतवैद्यामुळे. त्याच सुमारास विल्यम मिलरचे अनुयायी ख्रिस्त १८४३ च्या आसपास येणार म्हणून दिवस मोजत होते, आणि ज्यूंनी परतायची गरज नाही असं मानत होते. जोसेफने एप्रिल १८४३ मध्ये त्यांना उत्तर दिलं : यहूदा परतला पाहिजे, जेरुसलेम आणि मंदिर पुन्हा बांधलं गेलं पाहिजे, त्याआधी ख्रिस्त येत नाही. म्हणजे त्यांच्या वेळापत्रकात ज्यू ही अटच होती. आणि जो अट असतो त्याला माणूस म्हणून पाहणं अवघडच जातं.

जोसेफ १८४४ मध्ये मारला गेला आणि ब्रिगम यंग लोकांना घेऊन युटाला गेला. हा प्रवास त्यांनी इस्राएलच्या निर्गमनासारखाच जगला. तांड्याचं नाव 'इस्राएलची छावणी', तिथल्या नदीचं नाव यार्देन. तुम्ही रोज ओलांडत असाल ती जॉर्डन रिव्हर, तीच.

तुम्ही वाचलेलं जळजळीत वाक्य डिसेंबर १८५४ मधल्या त्याच्या प्रवचनातलं आहे. आशय असा : ज्यांच्या बापांनी तारणाऱ्याला मारलं आणि जे आजही त्या कृत्याला आमेन म्हणतात, त्या दीनवाण्या लोकांपैकी एकाचं मन वळवण्यापेक्षा मी पाच हजार लामान्यांचं वळवीन. ज्यूला ख्रिस्ती करता येत नाही, आणि अंगात यहूदाचं रक्त असलेला कुणी पंथात आलाच तर तो सोडून जाईल, असंही तो म्हणाला. याला मी पांघरूण घालणार नाही. हा सरळसरळ ख्रिस्ती युरोपचा जुना विखार आहे. पण त्याच प्रवचनात पुढचा भाग आहे : जेरुसलेमची सुटका प्रचारकांच्या गोड बोलण्याने होणार नाही, ते सर्वशक्तिमान देव स्वतः करील. म्हणजे निष्कर्ष तोच, ज्यूंच्या मागे लागू नका. फक्त जोसेफच्या तोंडी जो आशेचा सूर होता, तिथे यंगच्या तोंडी तिटकारा आहे. आणि यंग हे बोलत होता तेव्हा नाइबाउर त्याच शहरात लोकांचे दात काढत होता. तो १८८३ मध्ये मेला, तोवर पंथात टिकून.

त्याच १८५४ मध्ये ज्युलियस आणि फॅनी ब्रुक्स हे ज्यू जोडपं सॉल्ट लेकला आलं. पुढच्या दशकात आउअरबाख बंधूंसारखे व्यापारी आले. आणि इथे चित्र पालटतं. व्यासपीठावर ज्यूंबद्दल तसं बोलणारा यंग व्यवहारात त्यांच्याशी बरा वागला. १८६० च्या दशकात त्याने ज्यूंना दफनभूमीसाठी जागा दिली, सणाच्या प्रार्थनांसाठी मॉर्मनांची इमारत वापरू दिली. मेथडिस्ट आणि प्रेस्बिटेरियन मिशनरी मॉर्मनांवर तुटून पडत असत, ज्यू व्यापारी कुणाचं धर्मांतर करायला आले नव्हते. शिवाय दोघांनाही बहुसंख्याकांचा जाच माहीत होता. मिझुरीच्या गव्हर्नरने १८३८ मध्ये मॉर्मनांना राज्यातून हाकलण्याचा, नाहीतर संपवण्याचा हुकूम काढला होता, ती जखम ताजी होती.

पैशाचा प्रश्न आला तेव्हा मात्र भावकी कामाला आली नाही. रेल्वे येणार म्हणून १८६८ मध्ये यंगने बाहेरच्या व्यापाऱ्यांवर बहिष्कार पुकारला आणि झेडसीएमआय ही सहकारी दुकानांची साखळी उभी केली. मॉर्मन दुकानांवर डोळ्याचं चित्र आणि 'परमेश्वराला पवित्र' अशी पाटी लागली. जिथे पाटी नाही तिथे सौदा करायचा नाही. ज्यूंची दुकानं पाटी नसलेल्यांत. काहींनी गाशा गुंडाळला, आउअरबाखांसारखे तग धरून राहिले. तुमच्या सहकाऱ्याच्या विनोदाचं मूळ इथे आहे : एरवी बिगर-ज्यूला जेंटाइल म्हणतात, युटात बिगर-मॉर्मनाला. १९१६ मध्ये सायमन बॅम्बर्गर हे ज्यू गृहस्थ युटाचे गव्हर्नर म्हणून निवडून आले. त्यांचा एक किस्सा दंतकथेसारखा सांगतात. प्रचारात एका खेड्यातला नॉर्वेजियन मॉर्मन म्हणाला, इथे जेंटाइलाला बोलू देणार नाही. बॅम्बर्गर म्हणाले, शिव्या पुष्कळ खाल्ल्या, पण जेंटाइल कुणी म्हटलं नव्हतं, मी ज्यू आहे. त्यावर तो म्हातारा ओरडला, "मग तुम्ही इस्राएलचे! बोला, बोला!"

या जुन्या विचाराचे पडसाद नंतरही उमटले. १९७९ मध्ये जैतुनाच्या डोंगरावर हाइडच्या नावाने बाग झाली, ती जेरुसलेमचे महापौर टेडी कोलेक यांच्या सहकार्याने. १९८० च्या दशकात तिथे ब्रिगम यंग विद्यापीठाचं केंद्र बांधायला घेतलं तेव्हा कर्मठ ज्यूंनी रस्त्यावर उतरून विरोध केला, आणि इस्रायलमध्ये धर्मप्रचार करणार नाही असं पंथाने लिहून दिलं. असं लिहून देणं बॅप्टिस्टांना जड गेलं असतं. मॉर्मनांच्या मूळ मांडणीत त्याला जागा आधीच होती. उलट १८४० पासून चालत आलेला मृतांसाठीचा बाप्तिस्मा (मेलेल्या माणसाच्या नावाने जिवंत माणसाने घ्यायचा) ज्यूंना सर्वांत जास्त झोंबला. होलोकॉस्टमध्ये मारल्या गेलेल्या लाखो ज्यूंची नावं त्या विधीत आल्याचं उघड झालं आणि १९९५ मध्ये ती वगळण्याचा करार करावा लागला. मारेकऱ्यांनी ज्यू म्हणून मारलं, आणि आता मेल्यावर ज्यूपणही काढून घेता का, हा वाचलेल्यांचा सवाल होता. विधी करणाऱ्यांना तो उपकार वाटत होता. मला विचाराल तर इथे भावकीचा दावा हद्दीबाहेर गेला.

पुढे वाचायचं असेल तर जोसेफची १८३५–३६ ची रोजनिशी पहिली घ्या. 'जोसेफ स्मिथ पेपर्स' या संकेतस्थळावर ती मूळ हस्ताक्षरासकट फुकट आहे. मग हाइडची १८४१–४२ ची पत्रं. यंगची प्रवचनं शेवटी वाचा आणि जरा जपून. ती जॉर्ज वॉट वगैरेंनी लघुलिपीत उतरवली आणि छापताना हात फिरवला. मूळ लघुलिपीची नवी वाचनं आता उपलब्ध होत आहेत, त्यांत शब्द कधी कधी बरेच वेगळे निघतात. तेव्हा यंगचं एखादं सुटं वाक्य कुणी तोंडावर फेकलं तर आधी अख्खं प्रवचन मागा.